बोडी खोदली, पण लेकराला पाणी केव्हा शिकवणार?

बोडी किंवा शेततळे खोदताना आपण काय काय मोजतो? लांबी, रुंदी, खोली, बाजूचा उतार, पाळीची उंची, सांडव्याची जागा. कृषी खात्यात लागल्यापासून टेप, खुंट्या आणि चुन्याची पिशवी घेऊन मी हेच करीत आलो आहे. पण तळ्यापासून घर किती पावलांवर आहे आणि त्या घरात रांगते किंवा नुकते चालू लागलेले लेकरू आहे काय, हे मात्र मी कधी मोजले नव्हते.

तीन वर्षांमागची गोष्ट आहे. माझ्याच भागातल्या एका गावी ऐन रोवणीत, मी आखून दिलेल्या तळ्यात अडीच वर्षांचा मुलगा गेला. आई चाळीस पावलांवरच्या बांधीत पऱ्हे रोवत होती. आजी धुऱ्यावर बसली होती, तिचा जरासा डोळा लागला. ओरडण्याचा आवाज नाही, पाणी उडाल्याचा आवाज नाही. पाण्यावर चप्पल दिसली तेव्हा कळलं. पुढे ऑक्टोबरात तुडतुड्याची पाहणी करायला त्या शिवारात गेलो. मुलाचा बाप म्हणाला, "साहेब, तळ्याच्या पाण्यानं धान वाचला जी." एवढंच म्हणाला. मला पुढं काही बोलता आलं नाही.

तेव्हापासून लहान लेकरू आणि पाणी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं, नदीकाठच्या ढिवर मंडळींकडे बसलो. आज धानावरची कीड बाजूला ठेवून तेच सांगतो.

आपले चंद्रपूर आणि गडचिरोली हे पाण्याचे जिल्हे. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती अशा नद्या, पर्लकोटा आणि कठाणीसारख्या उपनद्या, असोलामेंढा-घोडाझरीसारखे मोठे तलाव आणि गावागावचे माजी मालगुजारी तलाव. त्यात शेताशेतातल्या बोड्या. गोंड राजांच्या काळापासून कोहळी मंडळींनी हे तलाव बांधले. त्या जुन्या तलावांचा एक गुण आपल्या लक्षात येत नाही. त्यांचा काठ सपाट असतो, पाणी हळूहळू खोल होत जातं. म्हशी उतरतात तिथे पोरं उतरत. घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं, असं पाणी त्यांना आपोआप शिकवत जाई.

नवीन तळं तसं नाही. तीन मीटर खोल आणि बाजूचा उतार एकास एक असला, तर काठापासून एक फूट आत गेलं की पाणी एक फूट खोल होतं. दोन वर्षांच्या मुलाची उंची पावणेतीन फुटांच्या आसपास. म्हणजे काठापासून तीन फूट आत गेलं की लेकरू संपलं. त्यात प्लास्टिक अंथरलेलं असेल तर शेवाळ धरून ते इतकं निसरडं होतं की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. जेसीबीने गाळ काढलेल्या बोड्या आणि रस्त्यासाठी मुरूम उकरलेले खड्डे यांचंही तेच. पाणी वाढलं ही चांगलीच गोष्ट झाली, त्यासाठीच तर आम्ही गावोगाव फिरतो. पण पाण्याचा काठ बदलला आणि लेकरांना पाणी शिकवायची आपली रीत बदलली नाही.

माशाचं पिल्लू आणि ढिवराचं पिल्लू

शहरांत आता सहा महिन्यांच्या बाळालाही कोमट पाण्याच्या तलावात उतरवणारे वर्ग निघाले आहेत. फिल्ममध्ये तान्हं बाळ पाण्याखाली डोळे उघडे ठेवून हात-पाय मारताना दिसतं. पाहणाऱ्याला वाटतं, बाळाला जन्मतःच पोहता येतं. यात अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या मर्टल मॅकग्रॉ या बाईंनी १९३९ साली तान्ह्या बाळांच्या पाण्यातल्या हालचालींचा अभ्यास छापला. पहिल्या काही महिन्यांत बाळाला पालथं पाण्यात धरलं तर ते हात-पाय तालात हलवतं आणि श्वास रोखतं. पण ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे, काही महिन्यांनी ती मावळते. त्या बाळाला पाण्याबाहेर डोकं काढून श्वास घेता येत नाही. म्हणून याला पोहणं म्हणायचं नाही.

वैनगंगेच्या काठी एका म्हाताऱ्या ढिवराला मी हेच विचारलं होतं. म्हटलं, "काकाजी, तुमची लेकरं पोटातूनच पोहणं शिकून येतात म्हणतात." तो हसला. म्हणाला, "काही नाही जी साहेब. माशाचं पिल्लू पोहते, ढिवराचं पिल्लू बुडते. शिकवा लागते."

त्याची शिकवायची पद्धत मी नीट विचारून घेतली. पहिल्या वर्षी लेकराला नदीत नेतच नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यात, पाणी उतरून निवळ झाल्यावर, स्वतः काठाच्या पाण्यात मांडी घालून बसायचं आणि लेकराला मांडीवर घ्यायचं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पोटाखाली हात धरून पाय मारू द्यायचे. त्याआधी पाण्यात तोंड घालून फुंकायला शिकवायचं, बुडबुडे काढायचे. "नाकातोंडात पाणी गेलं की लेकरू घाबरते, फुंकाले लागलं की घाबरत नाही." मग पाठीखाली हात धरून उताणं तरंगायला. पाठीला वाळलेला तुंबा बांधायचा तो त्यानंतर. पावसाळ्यात शिकवणं बंद. पाणी गढूळ असेल तर बंद. आणि एक वाक्य त्याने दोनदा सांगितलं, "पाण्याची भीती काढाची जी, नदीची नाही काढाची."

गंमत अशी, की आज जगातले शिकवणारे लोक जे क्रम सांगतात ते याहून फार वेगळे नाहीत. आधी फुंकणं, मग तरंगणं, मग पाय मारणं.

वयाबाबत डॉक्टर लोकांचं मत मधल्या काळात बदललं, तेही सांगतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना २००० साली म्हणत होती, की चार वर्षांच्या आधी पोहण्याचे वर्ग नकोत. २०१० मध्ये त्यांनी हे सैल केलं. २०१९ मध्ये त्यांनी म्हटलं, की एक वर्षानंतर शिकवण्याचा बुडण्यापासून बचावाला उपयोग होऊ शकतो. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला शिकवून त्याचा बुडण्याचा धोका कमी होतो, याला पुरावा नाही. म्हणजे काकाजींचं "पहिल्या वर्षी नाही" आणि त्यांचं म्हणणं एकाच जागी येऊन थांबतं.

मग बाळाला पाण्याचा काही फायदा नाहीच का? आहे. पाण्यात अंगाचा भार हलका होतो. जे बाळ जमिनीवर नीट बसत नाही ते पाण्यात आधाराने मोकळेपणी हात-पाय हलवतं, भूक लागते, झोप छान येते. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१० साली एक अभ्यास छापला. लहानपणी पाण्यात खेळवलेली १९ मुलं आणि न खेळवलेली १९ मुलं चार वर्षांची झाल्यावर तपासली. पहिल्या गटाचा तोल आणि वस्तू पकडण्याची हुशारी जास्त चांगली आढळली. एवढ्या थोड्या मुलांवरून फार मोठा दावा करू नये. पण नुकसान तर नाही. आणि आई-बापाच्या हातात, डोळ्याला डोळा लावून खेळलेला अर्धा तास कोणत्या लेकराला नको असतो?

न्हाणीपासून सुरुवात

त्यासाठी शहरातला तलाव लागत नाही. आपल्याकडे न्हाणी आहे. आजीच्या पसरलेल्या पायांवर पालथं घातलेलं बाळ, अंगाला तेल आणि वरून कोमट पाण्याची धार, ही पाण्याशी पहिली ओळख. फक्त काही गोष्टी सांभाळा.

बाळ जन्मल्याबरोबर आंघोळ घालू नका. किमान एक दिवस थांबा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ अशक्त किंवा कमी वजनाचं असेल तर डॉक्टर किंवा आशाताई सांगतील तितके दिवस ओल्या फडक्यानेच पुसा. ओलं अंग गार पडलं की नवजात बाळ झपाट्याने खालावतं. आपल्या गडचिरोलीतच डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेतली. बाळाला ऊब देणं हा त्यातला एक मोठा भाग होता. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई घरी येऊन जे सांगतात, त्याची मुळं इथल्याच मातीत आहेत. तेव्हा त्यांचं ऐका.

बाळ मान धरू लागलं, सहा महिन्यांचं झालं, की मोठ्या घंगाळात किंवा टपात वीतभर कोमट पाणी घेऊन त्यात बसवा. पाणी आपल्या कोपराला लावून पाहा, चटका लागता कामा नये. एक हात सतत बाळाच्या पाठीमागे राहू द्या. डोळ्यांवरून, गालांवरून पाणी सोडा, हसवा. दहा मिनिटं पुरे. ओठ निळसर झाले, अंग थरथरलं, तर लगेच काढून कोरडं करा. डोकं पाण्याखाली बुडवण्याचा खेळ करू नका. बाळ पाणी गिळतं, आणि जास्त पाणी पोटात गेलं तर रक्तातलं मीठ उतरून झटके येऊ शकतात.

तान्ह्या बाळाला बोडीत किंवा नदीत मात्र नेऊ नका. गुरं लोळतात ते पाणी. हगवण, कान फुटणं, कावीळ कशाला घरी आणायची? मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या जत्रेत थंड पाण्यात तान्ह्या लेकराला बुडवून काढणारे मी पाहिले आहेत. श्रद्धा असू द्या, पण बाळाच्या कपाळाला चार थेंब लावले तरी चालतं.

आणि न्हाणीतली बादली! दोन-तीन इंच पाण्यातही रांगतं लेकरू डोक्यावर पडून बुडतं. त्याचं डोकं जड असतं, हातात जोर नसतो, त्याला परत वर येता येत नाही. वापरून झालं की बादली पालथी घाला. हे वाक्य वाचून आत्ताच उठून पाहून या, घरात किती बादल्या भरलेल्या आहेत ते.

एक ते चार या वयात लेकरू सर्वात जास्त धोक्यात असतं. जगभर बुडण्याचं प्रमाण याच वयात सर्वात जास्त आहे. या वयात पाण्यात खेळवा, फुंकायला शिकवा, तरंगायला शिकवा, पण "आता त्याला येते" असं मानू नका. खरं पोहणं चार-पाच वर्षांनंतर येतं.

याचा चांगला दाखला बांगलादेशाचा आहे. तो देशही आपल्यासारखाच धानाचा आणि तळ्यांचा, घरामागे तळं असलेला. तिथे २००६ ते २०१० या काळात दोन कामं झाली. पाच वर्षांखालच्या लेकरांसाठी गावातच सकाळी नऊ ते दुपारी एक असं पाळणाघर. आणि चार ते बारा वर्षांच्या मुलांना गावच्याच तळ्यात पोहण्याचं शिक्षण. पाळणाघरात जाणाऱ्या लेकरांत बुडून मरण्याचं प्रमाण ८२ टक्क्यांनी आणि पोहायला शिकलेल्यांत ९३ टक्क्यांनी कमी आढळलं. मोठ्याला पोहणं वाचवतं, लहानग्याला सांभाळणारी बाई वाचवते. यातलं एक करून दुसरं सोडता येत नाही.

त्यांनी तळ्यात काय केलं हे आपल्या कामाचं आहे. बांबूचा मंडप पाण्यात उभा केला. खाली बांबूचीच ताटी, चहूबाजूंनी बांबूचा कठडा, आत मुलाच्या छातीएवढंच पाणी. त्यात गावातलाच शिकलेला तरुण थोड्या थोड्या मुलांना शिकवतो. २५ मीटर पोहणं, अर्धा मिनिट तरंगणं आणि दुसरा बुडत असेल तर स्वतः पाण्यात न उतरता त्याला ओढून घेणं, एवढं आलं की मूल पास. आता सांगा, बांबू आपल्याकडे कमी आहे का? २०११ साली लेखा-मेंढा ग्रामसभेने आपल्या जंगलातला बांबू विकण्याचा हक्क मिळवला, त्या जिल्ह्यात राहतो आपण. ताटी विणणारे हात घरोघरी आहेत, पोहण्यात तरबेज ढिवर तरुण गावोगावी आहेत. ग्रामपंचायतीने होळीनंतर महिनाभर एका सपाट काठाच्या तलावात हे केलं तर खर्च तो किती येणार? शिंगाड्याच्या वेलीत पाय अडकतो, म्हणून ती जागा सोडा. तुडुमाजवळही नको. फिट येणाऱ्या मुलावर वेगळा माणूस ठेवा. ट्रॅक्टरची ट्यूब देऊन पोराला मोकळं सोडू नका, ती उलटली की पोरगं खाली आणि ट्यूब वर.

मुलींना शिकवायचं का, असं मला एका बैठकीत विचारलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली, ते आपण विसरलो नसू. नावेत बाया असतात, बांधीत बाया असतात, घाटावर धुणं धुवायला बाया असतात. शिकतात मात्र पोरं.

आता तळ्याकडे वळू, कारण तो माझा विषय. घराजवळच्या किंवा वाटेवरच्या तळ्याला चार फूट उंच कुंपण करा. बांबू उभे बांधा. आडव्या काड्या बाहेरून राहिल्या तर पोरं शिडीसारखी चढतात. दोन बांबूंमधली फट चार बोटांहून जास्त नको. फाटकाची कडी लेकराचा हात पुरणार नाही एवढी वर. बाहेरून सागरगोटी किंवा घायपात लावली तर दोन-तीन वर्षांत जिवंत कुंपण तयार होतं, गुरंही अडतात. चारही बाजूंना खुंटी ठोकून गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवा, पडलेल्याला धरून वर येता येईल. काठावर लांब बांबू आणि हवा भरलेली ट्यूब कायम ठेवा, कोणी मागितली तरी देऊ नका.

रोवणीत लेकरांचं काय? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी अट घातलेली होती, की कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर एका बाईला त्यांना सांभाळण्याचं काम द्यावं आणि तिला मजुरी मिळावी. सरकारी कामावर जे शहाणपण लिहून ठेवलं ते आपल्या रोवणीला का नसावं? दहा बायांच्या रोवणीत एकीला पाणवठ्यापासून दूर झाडाखाली लेकरांपाशी बसवा आणि तिची मजुरी सर्वांनी वाटून घ्या. म्हाताऱ्या आजीवर सोडू नका. तिचा दोष नाही, पहाटे चारपासून तीही राबलेली असते.

कोणी बुडताना दिसलं तर ओरडून माणसं जमवा. पोहता येत असलं तरी आधी बांबू, दोर, लुगडं, जे हाताला लागेल ते फेका. बाहेर काढल्यावर उलटं टांगून गरगर फिरवणं, पोट दाबणं हे प्रकार करू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी छातीत जातं. लेकरू श्वास घेत नसेल तर सपाट जागी उताणं ठेवा, हनुवटी जरा वर करा, तोंडाला तोंड लावून हळू पाच वेळा श्वास भरा. तान्ह्या बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्या. हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध, तान्ह्याला दोन अंगठ्यांनी आणि मोठ्या मुलाला तळहाताने, छाती एक तृतीयांश खाली जाईल असं भराभर तीस वेळा दाबा आणि दोन श्वास भरा. पुन्हा तीस, पुन्हा दोन. दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. लेकरू रडलं, शुद्धीवर आलं, तरी दवाखान्यात न्या. फुप्फुसातलं पाणी काही तासांनी त्रास देतं. आपल्या भागात गाडी यायला वेळ लागतो, म्हणून हे आधीच शिकून ठेवा. आरोग्य केंद्रात विचारा, दाखवतील.

मी स्वतः आता चुना टाकण्याआधी घरी जाऊन विचारतो, सर्वात लहान कोण आहे? मागच्या महिन्यात एका आजीने उत्तर दिलं, "सुनेले सातवा चालू आहे जी." तळ्याची खूण आम्ही घरापासून शंभर पावलं लांब, उताराच्या दुसऱ्या अंगाला नेली. पाणी थोडं कमी साठेल. कुंपणाचा बांबू त्या म्हातारीच्या मुलाने आपल्याच बांधावरचा तोडून ठेवला आहे.